मुंबईंतील बी. डी. डी. चाळी : एका जनश्रुतीचें परीक्षण

मुंबईंतील बी. डी. डी. चाळी मूळांत कैद्यांकरितां बांधल्या होत्या, अशी एक जनश्रुति आहे. ती कितपत ग्राह्य आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम कालनिर्णय करूं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व दाट वस्तीच्या सुधारणेसाठीं १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई विकोपास गेली, तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें खातें निघालें. बी. डी. डी. हीं त्याचींच आद्याक्षरें होत. मजुरांकरितां ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. खर्चासाठीं कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत २०७ चाळी झाल्या : वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२.

आतां वास्तूकडे वळूं. तळमजला व वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधून बोळ व दुतर्फा दहा दहा खोल्या. म्हणजे एका चाळींत ८० खोल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक, भिंती काँक्रीटच्या. एका बोळावर खोल्यांच्या दोन ओळी बसविल्यानें जागा वांचते, परंतु वारा आरपार वाहत नाहीं. ह्या रचनेमुळें तुरुंगाचा भास होतो खरा. पण सादृश्य हें प्रमाण नव्हे.

तथापि जनश्रुति अगदींच निर्मूल नाहीं. वरळीच्या पुष्कळ चाळी प्रारंभीं ओस राहिल्या, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगांत सरकारनें तेथें तात्पुरता तुरुंग केला. हा मागाहूनचा उपयोग लोकांनीं मूळ हेतूच्या जागीं बसविला. हा कालविपर्यास होय.

ह्या निर्णयाचें महत्त्व केवळ तिथीपुरतें नाहीं. चाळी तुरुंगाकरितां बांधल्या असें मानलें म्हणजे खरी व अधिक कठोर गोष्ट झांकली जाते. १६० चौरस फूट ही जागा कैद्यास नव्हे, तर मजुराच्या बिऱ्हाडास पुरेशी मानली गेली होती.

वरळीच्या पुनर्विकासाची पायाभरणी २०२१ सालीं झाली व २०२५ सालीं पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बिऱ्हाड हलतांना जुने कागद प्रथम रद्दींत जातात. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, भाडेपावत्या, खातेवह्या व उत्सवांचे जमाखर्च, जेथें आढळतील तेथें, पोथ्यांच्याच आस्थेनें जतन करावे.