सावित्री खाडी : वारे, लाटा व भरतीचे ऋतुमान

सावित्री खाडी (बाणकोट खाडी) : महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर व महाडवरून अरबी समुद्राला मिळणाऱ्या सावित्री नदीचा भरतीच्या टप्प्यात येणारा खालचा भाग. खाडीच्या उत्तर तीरावर रायगड जिल्हा व दक्षिण तीरावर रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुका असून, मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वरचे खडकाळ टोक, तर दक्षिणेस बाणकोटचा किल्ला आहे. समुद्राच्या लाटांचा जोर मुखाशीच संपतो, भरतीचे पाणी मात्र थेट महाडपर्यंत चढते. म्हणून मुखाशी वाऱ्याला आणि महाडला तिथीला व पावसाला महत्त्व येते.

लाटा : दूरच्या समुद्रात वाऱ्याने उठलेली आणि तो वारा मागे पडल्यावरही पुढे सरकत राहणारी लांब लाट म्हणजे स्वेल. या किनाऱ्यावर ती दोन दिशांनी येते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांतून निघालेली नैर्ऋत्येची स्वेल थोड्याफार प्रमाणात वर्षभर असते आणि मे महिन्यापासून तिचा जोर वाढतो. अरबी द्वीपकल्पावरील ‘शमाल’ वाऱ्यांनी उठणारी वायव्येची स्वेल मुख्यतः हिवाळ्यात जाणवते व तिच्या दोन शिखरांमधील कालावधी तुलनेने कमी असतो. उथळ तळ लागला की लाट वळते आणि तिची ताकद पुढे आलेल्या टोकावर एकवटते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावरील समुद्राने कोरलेले कडे व खळगे पडलेले सपाट खडक हे याच क्रियेचे फलित होय. हा मार्ग ओहोटीलाच वापरता येतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती फुटते. त्यामुळे मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर मोठ्या लाटा आधीच फुटतात आणि खाडीच्या आत त्यांचा उपद्रव पोचत नाही.

वारे : ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात पहाटे जमिनीकडून मतलई वारे व दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे वाहतात. मतलई वारा लाटेला समोरून अडवीत असल्याने सकाळी पाणी नितळ व लाट सुबक असते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो, मात्र हरिहरेश्वरच्या टोकाच्या दक्षिणेकडील बाजूस त्यापासून आडोसा मिळतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य व पश्चिमेचा वारा आणि स्वेल एकाच दिशेने येत असल्याने समुद्र खवळलेला राहतो. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी आहे. 3 जून 2020 रोजी किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली.

भरती : दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण व अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे अनुक्रमे सर्वांत मोठी व सर्वांत लहान भरती, असा क्रम असतो. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो, असा कोकणातील आडाखा आहे; त्यानुसार चतुर्थीला तीन व अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण होते. हा हिशेब किनाऱ्याचा असून खाडीत वर जावे तसा उशीर होतो.

महाड व पूर : गांधारी व काळ या उपनद्यांचे पाणी महाडच्या परिसरात सावित्रीला मिळते. महाबळेश्वरचा पाऊस तीव्र उताराने खाली येतो आणि त्याच वेळी भरती असल्यास निचरा अडतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्या दिवशी आषाढ अमावास्या होती. 22 जुलै 2021 चा महापूर व तळिये येथील दरड यांच्या वेळी आषाढ पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, आणि महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिमी. पाऊस नोंदला गेला. याउलट 25-26 जुलै 2005 ची अतिवृष्टी पौर्णिमा उलटून गेल्यावर, वद्य पक्षात झाली व त्या वेळी दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. त्यामुळे उधाण हे पुराचे एकमेव कारण ठरत नाही. पात्रातील गाळ व खाडीकाठचे भराव यांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

पोलादपूर : येथे भरतीचे पाणी पोचत नाही, नदीची पातळी केवळ पावसावर अवलंबून असते.

जलमार्ग : मोठी गलबते दासगावपर्यंत व लहान मचवे भरतीच्या जोरावर महाडपर्यंत येत. महाडजवळील पाले गाव हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरप्रवास-ग्रंथातील एक बंदर असावे, असे काही अभ्यासक मानतात. पेशवे व इंग्रज यांच्यातील 1756 च्या तहाने बाणकोटबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेले, यावरून या टप्प्याचे मोल कळते. डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून जलमार्गाने दासगावला उतरले. किनाऱ्यावरील प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद राहत, त्यामुळे अशा प्रवासाला हिवाळ्याचा शांत समुद्र सोयीचा होता. पुढे रस्ते वाढले आणि ही वाहतूक मागे पडली. मुखाजवळ बागमांडला व वेसवी यांदरम्यान फेरीबोट चालते.

सर्फिंग : टोकाला वळसा घालत एका बाजूने क्रमाने फुटत जाणारी लाट सर्फिंगला उपयुक्त मानली जाते, तथापि या खेळाची भारतातील प्रमुख केंद्रे दक्षिणेत, विशेषतः मंगळूरजवळ मुल्की-ससिहित्लू परिसरात आहेत, जेथे 2016 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा मोसमी पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस भरविण्यात आली. हरिहरेश्वरला खडक, दांडा व मुखाशी ओहोटीला बाहेर ओढणारा प्रवाह हे धोके आहेत. उंच लाटांचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते.