फेथॉनचं पतन: एका चित्राचे तीन कागद

भिलाईच्या पावर हाउसमधून मी पुन्हा तुमच्याशी बोलतो आहे. आजचा विषय आहे एक कागद. उंची सुमारे ४१ सेंटीमीटर, रुंदी सुमारे २३. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसरला तो जपून ठेवलेला आहे. १५३३ साली मायकेलँजेलोनं त्यावर काळ्या खडूनं ग्रीक पुराणातला एक प्रसंग रेखाटला: फेथॉनचं पतन.

आधी गोष्ट. फेथॉन हा सूर्याचा मुलगा. बरोबरीच्या एका मुलानं त्याला चिडवलं, सूर्य तुझा बाप कशावरून? पोरगा थेट सूर्याच्या महालात गेला. सूर्यानं शपथ घेतली, माग हवं ते, देतो. फेथॉननं मागितलं, एक दिवस तुमचा रथ मला हाकू द्या. हे मरण मागतोय, हे बापाला कळलं, पण शब्द तर देऊन बसला होता. दशरथाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला ही अडचण समजावून सांगायला नको. घोडे उधळले, रथ पृथ्वीच्या जवळ आला, रानं पेटली. रोमन कवी ओव्हिडनं होरपळलेल्या नद्यांची यादीच दिली आहे, आणि त्या यादीत आपली गंगाही आहे! अखेर पृथ्वीनं गाऱ्हाणं घातलं आणि देवांचा राजा झ्यूस यानं वज्र फेकलं.

मला इथे आपला मारुती आठवतो. तोही लहानपणी सूर्याकडे झेपावला, त्यालाही इंद्रानं वज्र मारलं. त्याचा बाप वायू रागावून वाहायचा थांबला. फेथॉनचा बापही दुःखानं एक दिवस उगवला नाही, असं ओव्हिड सांगतो. इथवर दोन्ही गोष्टी जोडीनं चालतात. पुढे मारुती उठतो आणि देव त्याला वर देतात. फेथॉन मात्र उठत नाही.

आता चित्र पाहू. कागद उभा आहे आणि प्रसंग तीन मजल्यांत मांडलाय. सगळ्यात वर गरुडावर बसलेला झ्यूस, हात उगारलेला. मधे उलटलेला रथ, चार घोडे आणि डोकं खाली करून कोसळणारा फेथॉन. खाली जमीन. तिथे नदीचा देव पहुडलाय, शेजारी फेथॉनच्या तीन बहिणी आक्रोश करताहेत. त्यांची पुढे झाडं होतात. जवळच एक हंस आहे. तो मूळचा फेथॉनचा आप्त, शोकानं हंस झालेला.

हे चित्र कुठल्या चर्चच्या भिंतीसाठी काढलेलं नव्हतं, ती एक भेट होती. मायकेलँजेलोची रोममध्ये तोमासो कावालिएरी या तरुण सरदारपुत्राशी ओळख झाली, तेव्हा मायकेलँजेलो ५७ वर्षांचा होता. तोमासोला चित्रकला शिकता यावी म्हणून त्यानं अशी चित्रं दिली, असं त्याचा चरित्रकार व्हसारी लिहितो. १५३३ च्या सप्टेंबरात तोमासोनं कळवलं की फेथॉन मिळाला, आणि तो स्वतः पोपनंही पाहिला.

याच प्रसंगाची मायकेलँजेलोची आणखी दोन चित्रं आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक व्हेनिसमध्ये. लंडनच्या कागदावर खालच्या बाजूला त्यानं स्वतःच्या हातानं तोमासोला निरोप लिहिलाय. आशय असा: हा कच्चा आराखडा आवडला नाही तर माझ्या नोकराला सांगा, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा करीन, आवडला तर परत पाठवा, पुरा करून देतो.

हे कोण लिहितंय? सिस्टिन चॅपेलचं छत रंगवून ज्याला वीसएक वर्षं झाली होती, तो माणूस. आणि एका नवशिक्याला विचारतोय, जमलंय का? तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले की घोडे आणि रथ कसे पाडायचे, यावर त्यानं किती डोकं खपवलं ते दिसतं. विंडसरच्या चित्रात ते सगळं घट्ट बसलं. शिष्याला पक्क्या चित्राबरोबर गुरूची खटपटही पाहायला मिळाली, आणि माझ्या मते खरा धडा तोच.

गर्वाचं घर खाली, एवढंच या गोष्टीचं तात्पर्य सहसा काढतात. मला चित्राचा खालचा भाग जास्त बोलतो. आमच्या भिलाईत पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी आगीशी काम करायला शिफ्टला जातं आणि घरचे वाट पाहतात. मायकेलँजेलोला देव रंगवायचा होता, घोडे रंगवायचे होते. तरी इतक्या छोट्या कागदावर त्यानं मागे राहिलेल्यांना पुरेशी जागा दिली. पडणाऱ्याचं दुःख क्षणात संपतं. बहिणींचं झाड होईपर्यंत चालतं.

पुढच्या भागात तोमासोलाच भेट दिलेल्या दुसऱ्या चित्राबद्दल बोलू, टिटियस आणि गिधाडाच्या. तोवर नमस्कार.