सलाका आणि संविधान

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या, मतगणना यांचे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विनयपिटकात त्याचे पुरावे विपुल आहेत. ‘ञत्तिचतुत्थ’ कर्मात ज्ञप्ती एकदा व ठराव तीनदा ऐकवावयाचा आणि मौन हीच संमती समजावयाची. उपसंपदेसाठी मध्यदेशात किमान दहा भिक्खू हवेत, सीमांत प्रदेशात पाच चालतात. परंतु एवढ्यावरून ‘संविधान विनयातून आले’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते आम्हांस मान्य नाही. बाबासाहेबांनीही त्या भाषणात तसे म्हटलेले नाही. ही पद्धती भारताने गमावली, याची खंत त्यांनी व्यक्त केली होती.

चुल्लवग्गातील समथक्खन्धकाचा एक भाग उद्धृत करताना आपण संकोचतो. वाद मिटला नाही तर ‘येभुय्यसिका’, म्हणजे बहुमताने निर्णय. मतासाठी सलाका, म्हणजे काड्या, वाटावयाच्या. ‘गूळ्हक’ अर्थात गुप्त पद्धतीत दोन पक्षांच्या काड्या वेगवेगळ्या रंगांच्या असत. अधम्मवादी अधिक आहेत असे आढळल्यास वाटपकर्त्याने मतदान ‘दुग्गह’ ठरवून काड्या परत घ्याव्यात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे! बहुमत म्हणजे धम्म नव्हे, ही जाणीव त्यामागे आहे. पण धम्म कोणता, हे ठरविणार एकटा वाटपकर्ता, आणि तेही कारण न देता. तो छंद, दोष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा, एवढीच हमी.

संविधानानेही बहुमताला मर्यादा घातली. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा कलम १३ अन्वये शून्य ठरतो. कलम ३२ अन्वये नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) संसदेलाही संविधानाचा मूळ ढाचा बदलता येणार नाही, असे ठरले. तेही सात विरुद्ध सहा अशा बहुमतानेच.

अर्थात न्यायालयही चुकते. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. न्या. हं. रा. खन्ना एकटे विरोधात होते. मात्र त्यांचे भिन्नमत सकारण लिहिलेले होते व नोंदीत राहिले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येईनाशी झाली, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निर्णय रद्दबातल ठरविताना खन्नांचेच मत ग्राह्य धरले.