पहिल्यांदा शिडाची होडी कुठे उतरवायची? फोनवर जागा तपासायची सोपी पद्धत

मागच्या एका जानेवारीत मी आणि माझा मित्र गोराई खाडीत शिडाची होडी घेऊन उतरलो. मित्राने बारा फुटी डिंगी सेकंड हँड घेतली होती. चार रविवार क्लास करून आम्हाला वाटलं, आता येतं आपल्याला. जागा का निवडली? बोरिवलीहून जवळ, गूगल मॅप्सवर रुंद निळी पट्टी आणि अ‍ॅपमध्ये वारा फक्त ७ नॉट. झालं!

साडेनऊला निघालो. वारा पाठीमागून, पाणी भरलेलं, होडी मस्त पळत होती. पावणेअकराला वारा पडला. शीड लोंबकळलं, तरी काठावरची तिवरं मागे सरकतच होती. पाणी आम्हाला मनोरीच्या मुखाकडे नेत होतं आणि मुखाच्या पुढे उघडा अरबी समुद्र. वल्हं एकच, फोनला रेंजची एक काडी. शेवटी मासेमारी करून परतणाऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. त्या काकांनी एकच विचारलं, "पोरांनो, घरी कालनिर्णय नाही का?"

तेव्हा प्रश्न कळलाच नव्हता. आता कळतो. म्हणून हा लेख. तुम्ही नवीन असाल, तर जागा कशी तपासायची, फोनवर काय बघायचं आणि आपल्या उपनगरांतून कुठे जाणं शहाणपणाचं, ते एकेक करून बघू.

आधी एकच प्रश्न

आम्ही विचारलं होतं, "इथे होडी चालेल का?" विचारायला हवं होतं, "इथे होडी चालली नाही, तर ती कुठे जाईल?"

वारा पडेल, होडी उलटेल, दोर तुटेल. नवख्याच्या बाबतीत यातलं काहीतरी होणारच. मग होडी दोनच गोष्टींचं ऐकते: वारा ढकलतो तिकडे आणि पाणी ओढतं तिकडे. नकाशावर उतरायच्या जागेपासून हे दोन बाण काढा. दोन्ही बाण समुद्राकडे असतील तर ती वेळ किंवा ती जागा रद्द. आमचे दोन्ही बाण समुद्राकडेच होते.

वाऱ्याचा बाण

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? परीक्षेनंतर विसरलेला तो धडा इथे कामाला येतो. हिवाळ्यात मुंबईत सकाळी बहुतेक वेळा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. जमीन तापली की तो पडतो, मध्ये काही वेळ शांतता आणि दुपारी समुद्राकडून, साधारण वायव्येचा, खारा वारा सुरू होतो. आम्ही नेमके त्या मधल्या शांततेत सापडलो.

विंडीसारख्या अ‍ॅपवर हे तीन बघा:

- एकक नॉट करा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी. नवख्याला ५ ते १० नॉट पुरे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७ चे १४ नॉट झाले की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो.
- सरासरी वाऱ्याखाली गस्ट, म्हणजे झोतांची ओळ असते. सरासरी ८ आणि झोत १८ असतील तर तो दिवस तुमचा नाही.
- एक आकडा बघून थांबू नका, दर तासाचा बाण बघा. दिशा कधी उलटते ते तिथेच दिसतं.

मर्यादाही समजून घ्या. जागतिक मॉडेल्समध्ये बारीक मानलं जाणारं युरोपियन मॉडेलही सुमारे ९ किमीच्या चौकटीत हिशोब करतं. एवढ्या चौकटीत खाडी, तिवरं, टेकडी, इमारती सगळं एकत्र होतं. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर नांगरलेल्या होड्यांवरचे झेंडे दहा मिनिटं बघा. तो लाईव्ह डेटा.

पाण्याचा बाण: पाऊणपटीचा फॉर्म्युला

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरती दिवसातून दोनदा येते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची, पण एका ओळीच्या कोडसाठी हे जबरदस्त आहे.

आम्ही गेलो त्या दिवशी द्वादशी होती. १२ चे पाऊणपट ९. नऊला भरती संपली आणि साडेनऊला आम्ही ओहोटीबरोबर निघालो!

नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या साईटवर भरतीचा अंदाज मिळतो. तो बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, भरती ४.२ मीटर याचा अर्थ तिथे ४.२ मीटर खोल पाणी असा नाही. ही उंची ठरावीक खालच्या पातळीपासून मोजलेली असते. तळ त्या पातळीच्या वर असेल तर खोली कमीच.

दुसरी, पाणी एकसारखं उतरत नाही. सहा तासांत उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण १, २, ३, ३, २, १ असे भाग जातात. भरती ४.२ आणि ओहोटी ०.६ मीटर असेल तर फरक ३.६ मीटर. त्यातलं ०.९ मीटर एकट्या तिसऱ्या तासात जातं आणि चौथ्यातही तेवढंच. म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त. हलक्या वाऱ्यात छोटी होडी २ नॉटने चालते. समोरून २ नॉटची ओढ आली, तर तुम्ही होडी चालवताय पण जागचे हलत नाही.

अष्टमीच्या आसपास फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत.

उपग्रहाचा फोटो का फसवतो?

हे मला नंतर डेटा चाळताना कळलं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात आणि एक पिक्सेल १० मीटरचा असतो. तो मुंबईवरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. आता पाऊणपट लावा. उधाणाच्या दिवसांत अकरा-बाराला मुंबईत भरती असते. सगळ्यात खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. त्या वेळी हा उपग्रह वर नसतोच. अष्टमीला अकराला ओहोटी असते खरी, पण ती भांगाची, फार न उतरणारी.

म्हणजे खाडीचा सगळा चिखल उघडा पडलेला फोटो त्याला मिळतच नाही. मुंबईची खाडी फोटोत जास्त भरलेली दिसते, म्हणून उतरायची जागा एकदा उधाणाच्या ओहोटीला स्वतः जाऊन बघा. दुसरा पर्याय नाही.

आता जागा

*पवई, विहार, तुळशी:* मुलुंड-घाटकोपरहून सगळ्यात जवळ. पण पवईत मगरी आहेत. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, होडीसाठी बंद. विषय संपला.

*जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराईचे किनारे:* पश्चिमेला उघडा समुद्र. दुपारचा खारा वारा किनाऱ्याकडे ढकलतो ते चांगलं, पण फुटणाऱ्या लाटांतून होडी बाहेर काढणं नवख्याचं काम नाही. सकाळचा मतलई वारा थेट बाहेर नेतो. आक्सा तर बुडण्याच्या घटनांमुळे कुप्रसिद्ध आहे.

*मनोरी-गोराई आणि ठाणे खाडी:* पाणी शांत दिसतं, पण ओढ आणि चिखल दोन्ही आहेत. चिखलात रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत सुटका नाही. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तिथे होडी नेता येत नाही.

*मुंबई बंदर, गेटवेसमोरचं पाणी:* शहर पश्चिमेला आडवं असल्यामुळे समुद्राच्या लाटा कमी. शिडाच्या होड्यांची जुनी परंपरा इथलीच. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे. पण दुपारचा वारा गेटवेपासून दूर ढकलतो, ओहोटी समुद्राकडे ओढते आणि फेरी बोटी, जहाजं, नौदलाच्या बोटींची रहदारी असते. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या स्पीडबोटीने 'नीलकमल' या फेरीला दिलेली धडक सगळ्यांना आठवत असेल.

*पुण्याकडची धरणं:* खडकवासल्यात एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या शिकतात. भरती-ओहोटी नाही, होडी वाहून गेली तरी कुठल्यातरी काठालाच लागणार. पण डोंगरांमधून झोत अचानक येतात, पाणी खोल असतं आणि परवानगी प्रत्येक धरणावर वेगळी विचारावी लागते.

मग कुठे जायचं?

आमच्या दोन बाणांच्या परीक्षेत मुंबईतली एकही जागा एकट्या नवख्यासाठी पास होत नाही. बंदरसुद्धा नाही. तरी लोक तिथे शिकतात, कारण त्यांच्याबरोबर मोटरची रेस्क्यू बोट असते. तिसरा बाण तोच: तुम्हाला परत आणणारा.

म्हणून माझं उत्तर: जिथे तुमच्यावर नजर ठेवणारी मोटरबोट पाण्यात आहे, तीच तुमची पहिली जागा. बोरिवलीहून कुलाब्याला जायला दीड तास लागला तरी. क्लबला फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा, फी नंतर. उत्तरात "गरज पडली तर बोलावतो" असं आलं, तर नको.

हंगाम ऑक्टोबर ते मे, सुरुवातीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात विचारही नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, ती प्रजननासाठी जितकी, तितकीच समुद्रामुळे.

निघण्याआधी

१. तिथी बघा, भरतीची वेळ काढा. भरती चढत असताना निघा आणि ती संपायच्या आत परत या.
२. दर तासाचा वारा आणि झोत बघा. दिशा उलटायच्या वेळेला पाण्यात राहू नका.
३. दोन बाण काढून नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या, नकाशा ऑफलाईन डाऊनलोड करा. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशाला लागते.
४. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, दोरीने जॅकेटला बांधलेला. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ सेव्ह करा.
५. लाईफ जॅकेट होडीत ठेवू नका, अंगात घाला.
६. घरच्यांना परत यायची वेळ सांगा आणि त्यानंतर किती मिनिटांनी कुणाला फोन करायचा तेही.

मित्राची डिंगी आता रेस्क्यू बोट असलेल्या ठिकाणी ठेवली आहे. आम्ही रविवारी लोकलने जातो. आणि हो, माझ्या फोनमध्ये वाऱ्याच्या अ‍ॅपशेजारी आता पंचांगाचं अ‍ॅपही आहे.