राउटरचं दप्तर: एका सवयीचा इतिहास

म्हैसूरचं हेब्बाळ म्हटलं की मराठी घरांना आठवतं ते इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र. ही कंपनी पुण्यात जुलै १९८१ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात टीएफटीपी या छोट्याशा प्रोटोकॉलचा आरएफसी ७८३ हा दस्तऐवज निघाला. दोन्हींचा आपसात संबंध नाही; पण हेब्बाळसारख्या कुठल्याही मोठ्या आवारात जे राउटर आणि स्विच असतात, त्यांच्या नोंदी बाहेर काढण्याचा जुना रस्ता हाच.

नोंदी बाहेर का काढायच्या? वीज पडून स्विच जळाला तर दुसरा विकत मिळतो. पण कुठल्या पोर्टवर कुठलं खातं, कोणाला वाट मोकळी, कोणाला बंद, हे वर्षानुवर्षांचे निर्णय विकत मिळत नाहीत. शिवाय अनेक उपकरणांत चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं. ते जपून ठेवलं नाही, तर वीज जाताच पुसलं जातं.

टीएफटीपीने प्रत काढता येई, पण त्यात पासवर्डची सोयच नव्हती. आणि प्रत काढायची आठवण माणसाने ठेवायची! माझ्या मते खरी अडचण इथेच होती.

१९९० मध्ये डॉन लिब्स यांचं 'एक्सपेक्ट' आलं. माणसाऐवजी प्रोग्रामच उपकरणाशी सवालजवाब करू लागला. त्याच्या आधारावर पुढे 'रॅन्सिड' तयार झालं. ते ठरल्या वेळी प्रत्येक उपकरणात शिरायचं, कॉन्फिगरेशन वाचायचं, आधीच्या प्रतीशी ताडून पाहायचं आणि फरक ईमेलने कळवायचं. मला या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं वळण वाटतं. तोवर फक्त नक्कल होती. आता बखर झाली. 'काल चालत होतं, आज का नाही?' याचं उत्तर सापडू लागलं. पुढे साकू युट्टी यांच्या 'ऑक्सिडाइज्ड'ने हेच काम गिटमध्ये नेलं.

मात्र साधन बसवण्याआधी उपकरणाची तयारी हवी. प्रत्येकाला वेगळं नाव द्या. घड्याळ एनटीपीने जुळवा; तारीख चुकलेला कागद दप्तरात दिशाभूल करतो. टेलनेट बंद करून १९९५ साली आलेलं एसएसएच वापरा. बॅकअपसाठी फक्त वाचण्यापुरते अधिकार असलेलं स्वतंत्र खातं काढा आणि ते ठरावीक सर्व्हरवरूनच उघडेल असं करा. पडद्यावर पानापानाला थांबणं बंद करा, नाहीतर प्रोग्राम पुढच्या पानाची वाट बघत अडकतो.

शेवटचं, पण महत्त्वाचं. या दप्तरात अख्ख्या नेटवर्कचा नकाशा असतो, कधी पासवर्डही. म्हणून त्याला कुलूप हवंच. आणि वर्षातून एकदा तरी जुनी प्रत रिकाम्या स्विचवर चढवून पाहा. ती चढली, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे.