‘झिप’चं कूळ

अनुकरणवाचक शब्दांची व्युत्पत्ती शोधायला सहसा कुणी बसत नाही. वस्तूने आवाज केला, माणसाने तो तोंडाने काढला, झाला शब्द. त्यात शोधायचं काय! पँटच्या किंवा पिशवीच्या झिपला हा हिशेब चपखल बसतो असं वाटतं, पण साल पाहायला गेलं की तो बिघडतो. इंग्रजीत ‘झिप’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. त्याचा अर्थ सुसाट जाणं, आणि पुढे कानाजवळून गेलेल्या बंदुकीच्या गोळीचा आवाज. १९००च्या सुमारास अमेरिकेत त्याला जोम, तडफ असाही अर्थ आला होता. कपड्यांशी मात्र त्याचं अजून काही नातं नव्हतं.

वस्तू वेगळ्याच वाटेने येत होती. शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसनने १८९३ साली बुटांसाठी सरकत्या आकड्यांच्या बंदाचं पेटंट घेतलं. तो बंद नको तेव्हा उघडायचा. स्वीडनहून अमेरिकेत आलेल्या गिडियन सुंडबॅकने आकडे काढून टाकून दात बसवले आणि १९१७ साली पेटंट मिळवलं. धातूच्या दातांची झिप डोळ्यांजवळ धरली तर त्याची करामत दिसते: प्रत्येक दाताला एका अंगाला बारीक उंचवटा, दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा. रनर दोन्ही ओळी किंचित वाकवून जवळ आणतो आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात जाऊन बसतो. इतके दात इतक्या भराभर बसतात की कानाला एकच सलग आवाज येतो, आणि रनर जोरात ओढला की त्याची पट्टी चढते. हा आवाज तेव्हाही होताच. तरी या वस्तूचं नाव होतं ‘बिनआकड्यांचा बंद’, आणि ते बनवणारी कंपनीही त्याच नावाची.

‘झिपर’ हे नाव आलं १९२३ साली, तेही बुटाला. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या गुडरिच कंपनीने हा बंद लावलेले रबरी बूट आधी ‘मिस्टिक’ नावाने काढले आणि मग त्यांचं नाव बदललं. बुटाचं नाव बंदाला लोकांनी चिकटवलं. कंपनीच्या प्रमुखाने रनर ओढताना झालेला आवाज ऐकून हे नाव सुचवलं, असं सांगतात. ते खरं धरलं तरी त्याच्या कानाला तो आवाज ‘झिप’ असाच ऐकू आला, कारण वेगाचा हा शब्द अमेरिकेत आधीच रुळला होता. विकायचा होता तोही वेगच: बटणं लावत बसायला नको, एका ओढीत बूट बंद. फ्रेंच, इटालियन, रशियन, पोलिश, स्वीडिश या भाषांनी आवाजाकडे साफ दुर्लक्ष केलं आणि या बंदाला विजेचं नाव दिलं. ओढ वेगाकडेच होती.

यावर कुणी म्हणेल, ‘झ’मध्येच वेग आहे, मराठीत झटकन, झरझर, झपाझप आहेतच की. आहेत, पण झोप, झुलणं आणि जागचं न हलणारं झाडही त्याच अक्षराचं. शिवाय झर्रकनसारखा तयार शब्द हाताशी असूनही मराठी माणूस अजून ‘चेन लाव’ म्हणतो. त्याने धातूच्या साखळीसारखं रूप पाहिलं, आवाज ऐकलाच नाही.

पुढे तर आवाज पूर्ण गळाला. १९६३ साली अमेरिकन टपाल खात्याने पत्त्यासाठी पाच अंकी ‘झिप कोड’ आणला. एका योजनेच्या तीन शब्दांची आद्याक्षरं म्हणून झिप, पण पत्र झपाट्याने पोहोचेल हे सुचावं म्हणूनच ती जुळवलेली. १९८९ साली फिल कॅट्झने फाइली दाबून लहान करण्याची पद्धत आणली, तेव्हाही ‘झिप’ नाव घेतलं ते आपला प्रोग्रॅम जलद आहे हे सांगायला.

एक शाखा मात्र या मांडणीत बसत नाही. अमेरिकन विद्यार्थी शून्य गुणांना ‘झिप’ म्हणत, आणि अमेरिकेत शून्याला आजही तसं म्हणतात. तिथे आवाजही नाही, वेगही नाही. पण हा अर्थही १९००च्या आसपासचा, म्हणजे बुटाच्या आधीचा. बंदाचं बारसं झालं तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही.