काळ्या गालांचे लव्हबर्ड

आपल्याकडे बाजारातून ‘लव्हबर्ड’ म्हणून हौसेने आणले जाणारे पक्षी पुष्कळदा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. त्यांच्या नऊ जाती आहेत. त्यांपैकी एकीचा इतिहास पिंजरा विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने वाचावा असा आहे.

ही जात काळ्या गालांची. लांबी जेमतेम 14 सेंटिमीटर. अंग हिरवे, तोंड काळपट, चोच लाल, डोळ्यांभोवती पांढरे कडे आणि गळ्याखाली नारिंगी छटा. नैर्ऋत्य झांबियातील मोपाने वृक्षांच्या रानाचा एक लहानसा पट्टा, एवढेच तिचे जग. 1904 साली ती युरोपीयांच्या नजरेस पडली आणि 1906 मध्ये डब्ल्यू. एल. स्क्लेटर यांनी तिला शास्त्रीय नाव दिले. लवकरच ती युरोपातील पिंजऱ्यांत पोहोचली. मागणी इतकी वाढली की 1929 साली अवघ्या चार आठवड्यांत 16,000 पक्षी पकडले गेले!

पकड ओसरल्यावरही ही उणीव भरून निघाली नाही. या पक्ष्याला रोज पाणी लागते, आणि तिथले पाणवठे आटत चालले. जी ज्वारी-बाजरी तो शेतात टिपायचा, तिची जागा पुष्कळ ठिकाणी मक्याने घेतली. आज जागतिक संवर्धन यादीत त्याची नोंद संकटप्रवण म्हणून आहे.

मग पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनी वंश राखला असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. पांढऱ्या कड्यांच्या इतर लव्हबर्डांशी त्यांचा सहज संकर होतो. त्यामुळे शुद्ध वंशाचे पक्षी दुर्मिळ झाले.

तेव्हा ज्याच्या घरी हे पाखरू आहे, त्याने एवढे तरी पाळावे. ते थव्यात राहणारे आहे, त्याला एकटे ठेवू नये. मात्र सोबतीस दुसरी जात देऊ नये. पिंजरा ऐसपैस असावा. ज्वारी-बाजरीच्या दाण्यांबरोबर हिरवा पाला द्यावा आणि पाणी रोज बदलावे. घेताना पक्षी पिंजऱ्यातच जन्मला आहे, याची खात्री करून घ्यावी.

लव्हबर्ड हे नाव त्या पाखरांच्या जोडीवरच्या प्रेमाला मिळाले. त्यांच्यावरच्या आपल्या प्रेमाने मात्र एकदा रान ओस पाडले, हे विसरता कामा नये.